पंप बदलला, तरी ट्रॅक्टर रुसलेलाच: इंधन पंप बदलल्यानंतर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोन बहुतेक संध्याकाळी येतो. दिवसभर सेल्फ मारून बॅटरी उतरलेली असते, रोटाव्हेटर जागीच उभा असतो आणि पलीकडचा माणूस म्हणतो, "पंप नवा टाकला हो, तरी तीच गत." पंप-नोझलच्या (नोझल म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा भाग) कामात इतकी वर्षं काढल्यावर माझं मत पक्कं झालं आहे. पंप बेंचवर (तपासणीच्या यंत्रावर) लावून, कॅलिब्रेशन करून (डिझेलचं माप जुळवून) आलेला असेल, तर बसवल्यावर येणारी अडचण क्वचितच पंपाच्या पोटात असते. बसवताना आपण जे जे उघडलं, सोडलं, हलवलं, तिथंच ती सापडते. म्हणून पंप पुन्हा काढायला पाना हातात घेण्याआधी हे वाचा.

इथं लिहिलेलं सगळं जुन्या धाटणीच्या, पूर्ण यांत्रिक पंपांबद्दल आहे: एका ओळीत एलिमेंट (एकेका सिलिंडरचं डिझेल दाबणारे भाग) असलेला इनलाइन पंप आणि एकाच डोक्यातून सगळ्या नळ्या निघणारा रोटरी पंप. बेंगळूरुत १९५१ साली सुरू झालेल्या मायको कंपनीचं नाव २००८ मध्ये बॉश झालं, पण आपल्याकडे इनलाइन पंपाला अजून "मायको पंप"च म्हणतात, तेव्हा मीही मधूनमधून तसंच म्हणेन. ५० अश्वशक्तीच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरांना १ जानेवारी २०२३ पासून ट्रेम-४ चे प्रदूषण नियम लागू झाले आणि त्यात कॉमन रेलची (एका सामाईक नळीत प्रचंड दाबाने डिझेल भरून ठेवणारी) इंजिनं आली. तुमचं इंजिन कॉमन रेलचं असेल, तर खाली सांगितलेलं नळ्यांचे नट सैल करण्याचं कुठलंही काम त्यावर करू नका. तिथला दाब जीवघेणा असतो.

सेल्फ जोरात फिरतोय, पण इंजिन चालूच होत नाही. पंप खराब निघाला का?

आधी सायलेन्सरकडे बघा. सेल्फ मारताना धूर अजिबात येत नसेल, तर डिझेल सिलिंडरपर्यंत पोचतच नाही. पांढरा धूर येत असेल, तर डिझेल पोचतंय, पण जळत नाही. या दोन वाटा पूर्ण वेगळ्या आहेत आणि पहिल्याच मिनिटाला कुठली धरायची ते कळलं, की अर्धा दिवस वाचतो.

धूर नसेल तर सगळ्यात आधी स्टॉपची तार. पंप बदलताना ती सोडलेली असते. परत जोडताना थोडी आखूड राहिली, की बटण आत ढकलूनही पंपावरची स्टॉप लिव्हर अर्ध्यातच अडकते आणि पंप डिझेल सोडत नाही. तार पंपावरून काढा, लिव्हर हाताने पूर्ण चालू बाजूला ढकला आणि मग सेल्फ मारा. पंपावर विजेचा सोलेनॉईड असेल, तर चावी फिरवल्यावर "टक्" असा आवाज यायला हवा. आवाज नसेल तर वायर सुटली आहे, फ्यूज गेला आहे किंवा बॅटरी इतकी उतरली आहे की सेल्फसोबत सोलेनॉईडला पुरेसे व्होल्ट मिळत नाहीत.

मग डिझेल कॉक. हसू नका, बंद कॉकवर दोन दोन तास सेल्फ मारलेले लोक मी पाहिले आहेत. पंप काढताना डिझेल सांडू नये म्हणून आपणच तो बंद केलेला असतो.

हे सगळं ठीक असेल तर राहिली एअर, म्हणजे डिझेलच्या वाटेत अडकलेली हवा.

एअर नीट कशी काढायची?

घाईत सगळ्यात जास्त बिघडतं ते हेच काम. नवा पंप आतून कोरडा असतो, त्याच्या नळ्या कोरड्या, आणि फिल्टर बदलले असतील तर त्यांच्या वाट्याही रिकाम्या. एवढी सगळी हवा टाकीपासून नोझलपर्यंत क्रमाने बाहेर काढायची आहे. क्रम उलटा केला, तर पुढे काढलेली एअर मागून पुन्हा येते.

टाकी निम्म्याच्या वर भरा. कॉक उघडा. फिल्टरच्या डोक्यावरचा एअर स्क्रू दोन-तीन आटे सैल करा आणि फीड पंपाचा (टाकीतून डिझेल ओढून मोठ्या पंपाकडे ढकलणाऱ्या छोट्या पंपाचा) हातपंप मारत राहा. आधी फेस येईल, मग बुडबुडे, मग सलग स्वच्छ धार. धार सलग झाली, की हात न थांबवता स्क्रू आवळा. दोन फिल्टर असतील तर पहिल्याचा आधी, मग दुसऱ्याचा. त्यानंतर पंपावरचा एअर स्क्रू. इनलाइन पंपाला तो अंगावर असतो. सीएव्ही कंपनीच्या घडणीच्या रोटरी पंपाला सहसा दोन असतात: एक नळ्या जिथून निघतात त्या डोक्याच्या बाजूला, दुसरा वर गव्हर्नरच्या (रेस आवरणाऱ्या भागाच्या) झाकणावर. आधी डोक्याचा, मग झाकणाचा. दुसरा विसरला जातो, आणि तिथं अडकलेली हवा दिवसभर छळते.

हातपंप मारताना काहीच जोर लागत नसेल, तर फीड पंपाचा कॅम नेमका उंचावर थांबलेला असू शकतो. इंजिन थोडं फिरवून पुन्हा बघा.

शेवटी नोझलकडचे हायप्रेशर नट. सगळे एक-दीड आटा सैल करा, एक्सलेटर पूर्ण ओढा, स्टॉप चालू बाजूला आहे याची खात्री करा आणि सेल्फ मारा. प्रत्येक नटातून डिझेल ठोके देत बाहेर येऊ लागलं, की एकेक नट आवळत जा. सेल्फ एका वेळी दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका आणि मध्ये मिनिटभर तरी थांबा, नाहीतर पंप वाचेल आणि सेल्फ जळेल. नट सैल करताना डोळ्यांवर चष्मा हवाच.

पंपाकडच्या टोकाला नळी आवळताना खालचा डिलिव्हरी व्हॉल्व्हचा होल्डर दुसऱ्या पान्याने धरून ठेवा. तो नटासोबत फिरला, तर आतली सील सरकते आणि नवा पंप पहिल्याच दिवशी गळायला लागतो.

चालू होतो, दहा मिनिटं छान चालतो, मग दम तोडून बंद पडतो. पुन्हा एअर काढली की पुन्हा चालतो. हे किती दिवस करायचं?

एकदाही करू नका, कारण शोधा. कुठून तरी हवा ओढली जातेय, नाहीतर डिझेलची वाट आवळली जातेय.

गंमत अशी, की हवा ओढणारी जागा बाहेरून कोरडीच दिसते. टाकीपासून फीड पंपापर्यंतच्या नळीत ओढ असते, म्हणून तिथल्या बारीक चिरेतून डिझेल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते. ट्रॅक्टर टाकी भरलेली असताना चालत असेल आणि डिझेल निम्म्याखाली गेलं की बंद पडत असेल, तर हेच आहे हे धरून चाला. बँजो बोल्टची (मधून डिझेल जाणाऱ्या पोकळ बोल्टची) तांब्याची वायसर जुनीच लावली का? एका बोल्टला दोन लागतात, एकच बसली का? रबरी नळी क्लिपखाली तडकली आहे का? पंप बदलताना ही सगळी वायसर नवी टाकायची असतात. किंमत किरकोळ, पण तेवढ्यासाठी लोक पंप परत काढतात.

माझी आवडती युक्ती म्हणजे पंपाच्या अलीकडे वीतभर पारदर्शक नळी जोडायची. इंजिन चालू असताना तिच्यातून बुडबुडे जाताना दिसले, की एअर त्या नळीच्या मागे आहे, टाकीच्या बाजूला. बुडबुडे नसतील, तर मागचं सगळं निर्दोष. एका नळीच्या तुकड्याने वाद मिटतो. तपासणी झाली की ती काढून मूळ नळी लावा. पारदर्शक नळ्या सगळ्याच डिझेल आणि उष्णतेला टिकत नाहीत.

आणि टाकीचं झाकण. मागे एका ट्रॅक्टरचा पंप दोनदा काढून झाला होता. तिसऱ्या वेळी मी शेतात गेलो, ट्रॅक्टर माझ्यासमोर बंद पडला, मी झाकण फिरवलं आणि "सुस्स" करून हवा आत गेली. झाकणाचं श्वासाचं भोक मातीने बुजलं होतं. डिझेल संपत जाई तशी टाकीत ओढ तयार व्हायची आणि फीड पंप हरायचा. तेव्हापासून मी कुठल्याही ट्रॅक्टरजवळ गेलो की आधी झाकण बघतो.

भरपूर पांढरा धूर येतो, डोळे झोंबतात, पण इंजिन धरत नाही.

डिझेल येतंय, पण चुकीच्या वेळी किंवा चुकीच्या सिलिंडरला. तीन शक्यता आहेत.

पहिली, नळ्यांची अदलाबदल. फायरिंग ऑर्डर (सिलिंडर कुठल्या क्रमाने पेटतात ते) पुस्तकातून बघा, अंदाजाने लावू नका. चार सिलिंडरच्या इंजिनांना बहुधा १-३-४-२ असते. तीन सिलिंडरच्या इंजिनांत मात्र काहींना १-२-३ आणि काहींना १-३-२ आहे, आणि इथंच फसगत होते, कारण एका कंपनीच्या ट्रॅक्टरवर हात बसलेला मिस्त्री दुसऱ्यालाही तशाच नळ्या लावतो. रोटरी पंपाच्या डोक्यावर तोंडांजवळ अक्षरं कोरलेली असतात, ती बघा. नळ्या चुकल्या की इंजिन मध्येच एखादा ठोका धरतं, फटफटतं, कधी एअर क्लीनरमधून धूर मागे फेकतं.

दुसरी, पंप पूर्ण अर्ध्या फेऱ्याने उलटा बसला. चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँक दोन फेरे घेतो तेव्हा पंप एक घेतो. त्यामुळे फ्लायव्हीलवरची टीडीसीची (पिस्टन सगळ्यात वर असल्याची) खूण दोनदा समोर येते: एकदा कॉम्प्रेशनला, एकदा एक्झॉस्टला. तुम्ही एक्झॉस्टच्या वेळी खूण जुळवून पंप बसवला, तर डिझेल उघड्या व्हॉल्व्हसमोर पडतं आणि धूर होऊन जातं. ओळखायला सोपं आहे. टॅपेट कव्हर उघडा, खूण समोर आणा आणि एक नंबर सिलिंडरचे दोन्ही रॉकर हाताने हलवून बघा. दोन्ही सैल असतील तर ते कॉम्प्रेशन. एखादा ताणलेला असेल तर एक पूर्ण फेरा द्या. ज्या रोटरी पंपाच्या दांड्याला एक रुंद खाच (मास्टर स्प्लाइन) असते, तो पंप स्वतः चुकीचा बसत नाही, पण गिअर चुकलेला असेल तर त्याचाही इलाज नाही.

तिसरी शक्यता टायमिंग (पंप डिझेल सोडतो ती वेळ) उशिरा असण्याची, आणि तिच्यावर वेगळा प्रश्न येतोच.

थंडीत, सकाळी, इंजिन चालू झाल्यावर मिनिट-दोन मिनिटं पांढरा धूर दिसून तो ओसरला, तर काळजीचं कारण नाही.

गिअर एका दाताने चुकला तर खरंच एवढा फरक पडतो?

पडतो. हिशेब करून बघा. पंपाच्या गिअरला ६० दात असतील, तर एक दात म्हणजे पंपाचे ६ अंश. पंप क्रँकच्या अर्ध्या वेगाने फिरतो, म्हणून क्रँकवर तेच १२ अंश झाले. जिथं दोन अंशांनी इंजिनाचा आवाज बदलतो, तिथं बारा अंश म्हणजे इंजिन एकतर घणासारखं ठोकणार किंवा धूर ओकत रडत चालणार. गिअरवरच्या ठिपक्यांच्या खुणा जुळवूनच बसवा, आणि खुणा मधल्या आयडलर गिअरशी जुळवायच्या असतात हे लक्षात ठेवा. इंजिन थोडं फिरवल्यावर त्या खुणा पुन्हा लवकर समोर येत नाहीत. त्यामुळे "आता जुळत नाहीत" म्हणून घाबरून गिअर काढू नका.

टायमिंग घरी तपासता येतं का?

इनलाइन पंपाचं येतं, सावकाश केलं तर. याला स्पिल टायमिंग म्हणतात. एक नंबरच्या एलिमेंटचा डिलिव्हरी होल्डर उघडून आतला व्हॉल्व्ह आणि स्प्रिंग काढून स्वच्छ डिझेलच्या वाटीत ठेवा, होल्डर परत लावा आणि त्यावर बदकाच्या मानेसारखी वाकलेली छोटी नळी बसवा. एक्सलेटर पूर्ण, स्टॉप चालू बाजूला. हातपंप मारला की नळीतून धार येते. आता इंजिन त्याच्या नेहमीच्या दिशेने, हाताने, अगदी हळू कॉम्प्रेशनकडे फिरवा. धार बारीक होत जाते, मग थेंब, आणि मग थांबते. थांबली तो क्षण म्हणजे इंजेक्शनची सुरुवात. तिथं हात थांबवून फ्लायव्हीलची खूण वाचा आणि पुस्तकातल्या किंवा इंजिनच्या पाटीवरच्या अंशांशी ताडून पाहा. खुणेच्या आधीच धार थांबली तर टायमिंग लवकर आहे, खूण ओलांडल्यावर थांबली तर उशिरा. मागे फिरवून खूण गाठू नका. गिअरमधली मोकळीक तुम्हाला खोटं सांगेल. चुकून पुढे गेलात तर पाव फेरा मागे येऊन पुन्हा पुढे या.

सुधारण्यासाठी पंपाच्या लांबट भोकांतले नट सैल करून पंपाचं अंग फिरवायचं. पंपाचा दांडा ज्या दिशेने फिरतो त्याच्या उलट अंग फिरवलं की टायमिंग लवकर होतं, त्याच दिशेने फिरवलं की उशिरा. एक मिलिमीटर सरकवलं तरी पुरेसं असतं. ज्या इंजिनात पंप थेट इंजिनच्या कॅमवर बसतो, तिथं हे काम पंपाखालच्या शिमने (पातळ पत्र्याच्या चकत्यांनी) होतं: शिम वाढवली की उशिरा, कमी केली की लवकर. जुन्या शिम मोजून ठेवल्या नसतील, तर आता हीच तपासणी करावी लागेल.

रोटरी पंपाला ही पद्धत लागू नाही. तिथं पंपाच्या फ्लॅंजवरची रेघ इंजिनच्या केसवरच्या रेघेशी जुळवायची आणि शंका राहिली तर पंपाच्या बाजूची छोटी खिडकी उघडून आतली अक्षरखूण बघायची. जुन्या पंपावर खिळ्याने ओढलेली तुमची स्वतःची रेघ नव्या पंपाला चालत नाही. कंपनीची रेघच खरी.

पंप बदलल्यापासून इंजिन ठोकतंय.

थंड असताना थोडी खडखड डिझेल इंजिनाला असतेच. गरम झाल्यावरही धातूवर हातोडी मारल्यासारखा आवाज येत असेल, तर टायमिंग लवकर आहे असं समजा आणि त्या अवस्थेत नांगराला लावू नका. पिस्टन आणि हेड गॅस्केट दोन्ही जातात. सगळ्याच सिलिंडरचा आवाज असेल तर टायमिंग. एकाचाच असेल तर त्याचा नोझल थेंब टाकतोय का ते बेंचवर बघून घ्या.

काळा धूर ओकतो. पंपवाल्याने डिझेल जास्त सोडलंय का?

शक्य आहे, पण शेवटची शक्यता म्हणून धरा. काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी. आधी एअर क्लीनर उघडा. ऑइल बाथचा असेल तर वाटीतला गाळ काढा, तेल खुणेपर्यंतच भरा. कागदी असेल तर झटकून उजेडात धरा. मग नोझल. मग टायमिंग, कारण उशिरा टायमिंगनेही लोडवर काळा धूर येतो, ट्रॅक्टर ओढत नाही आणि मॅनिफोल्ड लालबुंद होतो. एवढं सगळं बरोबर निघालं तर पंपाची पाटी वाचा. बाहेरून सारखे दिसणारे दोन पंप वेगळ्या अश्वशक्तीच्या इंजिनांसाठी बांधलेले असतात, त्यांचं डिझेलचं माप आणि गव्हर्नर वेगळा असतो. जुन्या पंपाच्या पाटीवरचा नंबर आणि नव्याचा नंबर अक्षर न अक्षर जुळायला हवा.

एकदम रेस दिल्यावर क्षणभर काळा लोट आला आणि विरला, तर ते चालतं.

धूर नाही, आवाज छान, पण लोड घेत नाही.

एक माणूस पेडल पूर्ण दाबायला बसवा आणि तुम्ही पंपाकडे बघा. पंपाची लिव्हर तिच्या पुढच्या स्क्रूला टेकते का? पंप बदलल्यावर दांडीची लांबी जुळवायची राहून जाते, लिव्हर बोटभर अलीकडेच थांबते आणि माणूस म्हणतो पंपात दम नाही. दांडी जुळवून घ्या.

टेकत असेल तर डिझेलचा पुरवठा. फिल्टर बदलले का? पंप नवा आणि फिल्टर जुना, हे मी समजूच शकत नाही. परतीची नळी वाकून दबली आहे का तेही बघा, विशेषतः रोटरी पंपाला, कारण परतीची वाट तुंबली की पंपाच्या पोटातला दाब बिघडतो.

स्लोवर रेस वर-खाली होत राहते.

पुन्हा एअर. ती नसेल तर गव्हर्नर किंवा इनलाइन पंपाची रॅक (डिझेल कमी-जास्त करणारी आतली दांडी) अडखळतेय. पंप बराच काळ दुकानात कोरडा पडून असेल तर असं होतं. कधी कधी तासभर चालवल्यावर सुटतं. नाही सुटलं, तर पंप रूमला (पंप बेंचवर तपासणाऱ्या दुकानात) न्या. स्लोचा स्क्रू वाढवून हे लपवू नका.

एक सिलिंडर मिस करतोय. कुठला ते कसं कळेल?

इंजिन स्लोवर ठेवा, नोझलकडचा एकेक नट फडकं गुंडाळून थोडा सैल करा आणि पुन्हा आवळा. चालू सिलिंडरचा नट सैल केला की आवाज पडतो. ज्याने काहीच फरक पडत नाही, तो मेलेला. मग त्याचा नोझल शेजारच्याशी बदलून बघा. दोष नोझलसोबत गेला तर नोझल, तिथंच राहिला तर नळी, पंपाचं एलिमेंट किंवा इंजिनचं कॉम्प्रेशन. नोझल काढलाच तर खालचं जुनं तांब्याचं वायसर बाहेर आलं का ते डोळ्यांनी बघा. जुनं आत राहून वर नवं बसलं की नोझल उंच राहतो आणि सिलिंडर कधीच नीट जळत नाही.

रेस वाढतच गेली आणि इंजिन बंदच होईना. काय करावं?

हे आधीच वाचून ठेवा, त्या क्षणी वाचायला वेळ मिळत नाही. इंजिन बेफाम सुटलं, तर स्टॉप ओढा. थांबलं नाही तर हवा बंद करा: एअर क्लीनरच्या तोंडावर फळी किंवा जाड घडी केलेलं पोतं दाबून धरा. हाताचा तळवा कधीच लावू नका. डिकॉम्प्रेशन लिव्हर (सिलिंडरमधला दाब सोडणारी) असेल तर ती ओढा. डिझेल कॉक बंद करा, पण त्याने लगेच थांबेल असं समजू नका, नळ्यांत डिझेल शिल्लक असतं. लोकांना इंजिनच्या बाजूंपासून दूर करा.

म्हणून नवा पंप लावून पहिल्यांदा सेल्फ मारताना एक माणूस फळी घेऊन एअर क्लीनरजवळ उभा ठेवायचाच. माझ्या कामात हा नियम मोडत नाही. इंजिन असं सुटतं तेव्हा बहुतेक वेळा रॅक पूर्ण डिझेलवर अडकलेली असते किंवा गव्हर्नरची जोडणी निसटलेली असते. असा पंप पुन्हा "एकदा बघू" म्हणून चालू करू नका, काढून पंप रूमला द्या.

इंजिन ऑइलची पातळी वाढली आहे. ऑइल वाढतं कसं?

ऑइल वाढत नसतं, त्यात डिझेल मिसळत असतं. डिपस्टिकवरचं ऑइल बोटांवर घ्या. पातळ लागेल, वास येईल. रोटरी पंपाच्या दांड्याची सील गेली की डिझेल टायमिंग केसमधून चेंबरमध्ये (इंजिनखालच्या ऑइलच्या भांड्यात) उतरतं. फीड पंपाचा पडदा फाटला तरी तेच. ट्रॅक्टर ताबडतोब थांबवा. पातळ झालेल्या ऑइलने बेअरिंग जातात, आणि पातळी फार वाढली तर इंजिन तेच ऑइल पिऊन बेफाम सुटू शकतं. सील बदला, मग ऑइल आणि ऑइल फिल्टर दोन्ही नवे टाका.

पंपात वेगळं ऑइल टाकावं लागतं का?

रोटरी पंपाला नाही, तो डिझेलवरच वंगण घेतो. इनलाइन पंपाच्या कॅमच्या खोलीत मात्र इंजिन ऑइल लागतं. काहींना ते इंजिनकडून नळीने येतं, काहींना आपण भरायचं असतं. नवा पंप कोरडा येतो. भरून, पातळीच्या बोल्टपर्यंत आलं का ते बघूनच पहिला सेल्फ मारा.

पंपाचा सील तोडून स्क्रू थोडा वाढवला तर?

नको. शिशाचा सील तुटला की हमी गेली, आणि बेंचवर प्रत्येक एलिमेंटचं डिझेल मापून जुळवलेलं काम एका पिळात मोडलं. कानाने डिझेल मापता येत नाही, मलाही नाही.

चालू होत नाही म्हणून पेट्रोलचा बोळा किंवा स्टार्टिंग स्प्रे मारावा का? ढकलून, ओढून?

स्प्रेने आणि पेट्रोलने नको त्या वेळी स्फोट होतो, रिंगा तुटतात, पिस्टनला तडे जातात. आणि दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढून कोरडा पंप फिरवलात, तर डिझेलच्या वंगणाशिवाय त्याची डोकी घासून जातात. पंप एका दिवसात जुना होतो.

नळीतून बारीक गळती आहे, बोट लावून बघितलं तर चालेल?

कधीच नाही. नोझल साधारण १७५ ते २५० बार दाबाला उघडतात. त्या दाबाची केसाएवढी धार कातडीतून आत शिरते आणि बाहेर फक्त टाचणी टोचल्यासारखी खूण दिसते. सुरुवातीला फारसं दुखतही नाही, म्हणून माणूस हळद लावून झोपतो आणि सकाळपर्यंत बोट हाताबाहेर जातं. असं झालं तर त्याच तासात शस्त्रक्रियेची सोय असलेल्या दवाखान्यात जा आणि डॉक्टरांना स्पष्ट सांगा, की दाबाखालचं डिझेल आत गेलं आहे. गळती बघायला पुठ्ठ्याचा तुकडा धरा.

पंपासोबत नोझलही करून घ्यायचे का?

हो. निदान बेंचवर दाब आणि फवारा तपासून घ्याच. नव्या पंपाचं मोजून आलेलं डिझेल थेंब टाकणाऱ्या नोझलमधून गेलं, तर धुराचा दोष पंपावरच येतो.

मुळात पंप इतक्या लवकर का गेला?

बहुतेक वेळा पाणी आणि कचरा. पेरणीच्या घाईत कॅनमधून आणलेलं डिझेल, कॅनच्या तळाशी माती, फनेलला ओला फडका. पंपाचा प्लंजर आणि त्याचं घर यांच्यातली फट मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाएवढीच असते. तिथं धुळीचा कण म्हणजे कानस. कॅन फक्त डिझेलसाठीच ठेवा, भरून काही तास स्थिर राहू द्या, तळाचं वीतभर डिझेल टाकीत ओतू नका. टाकी संध्याकाळीच भरून ठेवा. रिकाम्या टाकीत रात्री दव धरतं आणि ते पाणी सकाळी फिल्टरच्या वाटीत येतं. ती वाटी खालच्या स्क्रूने नियमित सोडत जा. रॉकेल मिसळू नका, त्यात डिझेलइतकं वंगण नसतं. आणि जुना पंप आतून गंजलेला निघाला असेल, तर टाकी काढून धुतल्याशिवाय नवा लावू नका.

सगळं करून झालं, तरी दोष तोच. पंप परत न्यायचा तर कसा न्यायचा?

पंप रूमला पंपासोबत नोझल, नळ्या आणि फिल्टरही न्या. कुठल्या धुराचा त्रास आहे, गरम की थंड, टाकी किती भरलेली असताना, हे कागदावर लिहून द्या. कॅलिब्रेशनचा तक्ता मागून घ्या: पंपाचा नंबर, किती फेऱ्यांना प्रत्येक एलिमेंटने किती डिझेल दिलं, नोझल किती दाबाला उघडले. शक्य असेल तर बेंचवर लावताना समोर उभे राहा, चांगला कारागीर त्याला हरकत घेत नाही. काढलेल्या पंपाची सगळी तोंडं लगेच स्वच्छ प्लास्टिकच्या टोप्यांनी बंद करा. चिंध्या कोंबू नका, त्यांचे धागे आत जातात. आणि जुना पंप बदलीत देऊन टाकायचा ठरला असेल, तर देण्याआधी त्याच्या पाटीचा फोटो काढून ठेवा.